मेडिकल डिव्हाइस बनवताय? डाय कापायला टाकायच्या आधी वॉर्डात जाऊन या

आधी एक अनुभव सांगते, म्हणजे बाकीचं का सांगतेय ते कळेल. काही वर्षांपूर्वी मी एका छोट्या टीममध्ये होते, आम्ही सिरिंज पंप बनवत होतो, म्हणजे ते मशीन ज्यात १०, २० किंवा ५० एमएलची सिरिंज आडवी लावतात आणि मोटर हळूहळू प्लंजर ढकलत तासाला ठरलेलं तेवढंच औषध देते. मोटर छान चालत होती, फ्लो अचूक येत होता, पीसीबी, म्हणजे आतला सर्किट बोर्ड, तिसऱ्या रिव्हिजनला शांत झाला, मग भोसरीच्या एका टूलरूमला बॉडीची डाय, म्हणजे प्लास्टिकचे पार्ट पाडायचा स्टीलचा साचा, कापायला दिली. डाय झाली, पार्ट आले, जोडणी झाली, आणि तेव्हा कुठं पहिल्यांदा आम्ही तो पंप एका नर्सिंग होममधल्या सिस्टरांच्या हातात दिला. त्यांनी सिरिंज भरली, हवा काढली, टोकाला लाइन जोडली आणि सिरिंज डाव्या हातात धरली, कारण ती धरावीच लागते, लाइन लोंबकळत असते. उजव्या हाताने आमचा क्लॅम्प, म्हणजे सिरिंज जागेवर धरून ठेवणारी पकड, उचलून फिरवायचा होता, आणि त्याच वेळी प्लंजरच्या मागची पकड दाबून सरकवायची होती. एवढे हात कुणाकडे असतात? सिस्टर काही बोलल्या नाहीत. त्यांनी सिरिंज पलंगावर ठेवली, दोन्ही हातांनी क्लॅम्प उघडला, सिरिंज परत उचलून आत बसवली. आम्ही सहा इंजिनियर बघत उभे होतो आणि सिरिंज लाइनसकट चादरीवर पडलेली होती.

डाय दुरुस्त करायला अडीच महिने गेले. हाच दोष एका दुपारी, पुठ्ठ्याच्या डब्यावर, फुकटात सापडला असता. तुम्ही पाषाणला व्हेंचर सेंटर ह्या स्टार्टअप इन्क्युबेटरमध्ये बसून काही बनवत असाल, पुण्याच्या सीओईपीत आयआयटी मुंबईच्या बेटिक ह्या मेडिकल डिव्हाइस उपक्रमाचं जे केंद्र आहे तिथं असाल, किंवा घरच्या टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन असाल, तुमचे अडीच महिने वाचावेत म्हणून हे सगळं लिहितेय.

एर्गोनॉमिक्स म्हटलं की आपल्याकडे हिंजवडीच्या ऑफिसातली खुर्ची आणि मानदुखी एवढंच डोळ्यासमोर येतं. मेडिकल डिव्हाइसमध्ये त्याचा अर्थ मोठा आहे. दिसतंय का, ऐकू येतंय का, कळतंय का, हात पोचतोय का, दाबलं जातंय का, आणि हे सगळं रात्री तीनला, चौदा पेशंट सांभाळत असलेल्या माणसाला जमतंय का. एवढं सगळं त्यात येतं.

कोण वापरणार ते आधी कागदावर उतरवा

आमच्या पहिल्या डॉक्युमेंटमध्ये "युजर: नर्स" एवढंच लिहिलेलं. आता मी एक अख्खं ए-फोर पान भरल्याशिवाय कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन काढायचं सॉफ्टवेअर, उघडू देत नाही. आयईसी ६२३६६-१ नावाचं स्टँडर्ड आहे, २०१५ चं, २०२० मध्ये त्यात सुधारणा झाली, त्यात पहिलीच पायरी ही आहे, तिला युज स्पेसिफिकेशन म्हणतात. कशासाठी, कुठल्या पेशंटवर, शरीराच्या कुठल्या भागावर, कोण, कुठं आणि कसं वापरणार, एवढंच त्यात लिहायचं.

पण खरं लिहायचं. "नर्स" म्हणजे कोण? पंधरा वर्षं आयसीयू केलेल्या सिस्टर वेगळ्या, आणि मागच्याच महिन्यात जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून लागलेली मुलगी वेगळी. रात्री आरएमओ डॉक्टर स्वतः पंप लावतो. मावशी रोज सकाळी तो पुसतात आणि पुसताना बटणं दाबली जातात. मामा स्ट्रेचर ढकलताना पंप पेशंटच्या पायांपाशी ठेवून नेतात. अलार्म वाजला आणि जवळ कुणी नसलं की नातेवाईक घाबरून जे बटण दिसेल ते दाबतो. आणि बिघडलं की बायोमेडिकलवाला उघडतो. हे सगळे युजर आहेत, पैकी फक्त दोघांना तुम्ही ट्रेनिंग देणार आहात.

भाषेचंही तसंच. पुण्यातल्या हॉस्पिटलांत केरळच्या सिस्टर भरपूर आहेत, स्क्रीनवर फक्त मराठी टाकून काम भागणार नाही आणि फक्त इंग्लिश टाकून मावशींना काही कळणार नाही. तेच डिव्हाइस आशाताईंनी गावात न्यायचं असेल तर चित्र पूर्ण बदलतं, तिथं ते पिशवीत जाणार, उन्हात राहणार, आणि सूचना मराठीतच हव्यात. दोन्हीकडे चालेल असं एकच डिव्हाइस बनवायच्या मागे सुरुवातीला लागू नका, एक जागा पक्की करा.

जागेबद्दल लिहिताना प्लगपॉइंट कुठंय ते लिहा. गंमत वाटेल पण खूप वेळा तो पलंगाच्या मागे, गुडघ्याच्या उंचीवर असतो, त्याला मल्टिप्लग, त्यात सक्शन मशीन, मॉनिटर आणि कुणाचा तरी मोबाइल चार्जर. तुमच्या केबलची लांबी तिथून ठरते.

वॉर्डात जाऊन गप्प बसा

परवानगीशिवाय जाऊ नका, आधी मेट्रन मॅडमना भेटा, डॉक्टरांच्या ओळखीने वरून येऊन थेट वॉर्डात शिरलात तर सिस्टर तुमच्याशी मोकळेपणाने बोलणार नाहीत आणि त्यात त्यांची काही चूक नाही. लेखी परवानगी घ्या, पेशंटचा चेहरा किंवा केसपेपर फोटोत येऊ देऊ नका, पेशंटला हात लावू नका. नुसतं बघायचं. पेशंटवर काही लावून बघायची वेळ पुढे येईल तेव्हा एथिक्स कमिटी आणि सीडीएस्को ह्या केंद्राच्या औषध नियामक संस्थेची परवानगी हा वेगळा मोठा रस्ता आहे, सुरुवातीचं जे काम मी सांगतेय त्यातलं काहीच पेशंटला जोडून करायचं नाही.

"तुम्हाला कसा पंप हवा?" हा प्रश्न विचारू नका, मी विचारलाय, उत्तर येतं "स्वस्त आणि मस्त". त्यापेक्षा मायक्रोपोरच्या पट्ट्या शोधा. प्रत्येक वॉर्डात मशीनवर चिकटपट्टी लावून पेनाने काहीतरी लिहिलेलं असतं, "हे बटण दाबू नये", "आधी मागचा स्विच", एखादा नुसता बाण. अशी प्रत्येक पट्टी म्हणजे कुणीतरी डिझायनर जे काम अर्धवट सोडून गेला ते सिस्टरांनी पूर्ण केलंय. मी एका आयसीयूत अशा एकोणीस पट्ट्या वहीत उतरवून घेतल्या होत्या आणि आमच्या दुसऱ्या पंपाच्या निम्म्या रिक्वायरमेंट त्यातूनच आल्या.

वेळ निवडून जा. सकाळी अकराला वॉर्ड शांत असतो, सगळं छान चाललेलं दिसतं. ड्युटी बदलते तेव्हा जा, एक सिस्टर दुसरीला बेडमागून बेड सांगत जाते तेव्हा ती तुमच्या मशीनकडे बघून काय वाचते ते ऐका, तोच आकडा स्क्रीनवर सगळ्यात मोठा हवा. आणि एक तरी रात्र काढा. दिवे मंद केलेले असतात, चाळिशी पुढच्या सिस्टरांचा चष्मा कपाळावर असतो, ग्लोव्ह घातलेले असतात, आणि कुठल्यातरी मशीनचा आवाज येतोय पण नक्की कुठल्या बेडचा ते कळत नाहीये. हे सगळं दिवसा दिसत नाही.

वहीत काय लिहायचं? एकच काम घ्या, समजा "सिरिंज लावणे", आणि त्याचे बारीक तुकडे करा. प्रत्येक तुकड्यापुढे तीन गोष्टी: इथं तिला काय दिसायला किंवा ऐकू यायला हवं, काय समजायला हवं, हाताने काय करायला हवं. आम्हाला ऑफिसात बसून हे काम नऊ पायऱ्यांचं वाटलं होतं, वॉर्डात मोजलं तर तेवीस निघाल्या. दुसरा हात कधी मोकळा आहे आणि कधी नाही याचा वेगळा रकाना करा, माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा रकाना आहे, आमचा क्लॅम्प नेमका त्याच रकान्यात मेला होता.

शाडू, थर्माकोल, पुठ्ठा

आता बनवायला घ्या, पण कॅड नको, थ्रीडी प्रिंटरही लगेच नको. प्रिंट करून आणलेली वस्तू तयार झालेली वाटते आणि मग लोक तिला नावं ठेवायला कचरतात, पुठ्ठ्याला कुणी कचरत नाही.

हातात धरायचं डिव्हाइस असेल तर शाडूची माती घ्या, गणपतीच्या आधी तर कुठंही मिळते. मूठभर गोळा सिस्टरांना ग्लोव्ह घालून धरायला द्या, "जसं इंजेक्शन देताना धराल तसं" म्हणा, बोटांचे ठसे उमटतात. सात-आठ जणींचे गोळे शेजारी ठेवले की हँडल कुठं जाड, कुठं बारीक हवं, अंगठा कुठं टेकतो ते समोर दिसतं. एक काळजी घ्या, शाडू वाळताना आकसते आणि तडकते, म्हणून मापं ओल्यातच घ्या. गोल हँडलला ३० ते ४० मिलिमीटर व्यास ही सुरुवात करायला बरी रेंज आहे, पुढचं तुमचे गोळे सांगतील.

टेबलावरचं किंवा स्टँडवरचं मशीन असेल तर थर्माकोल किंवा पुठ्ठा. फक्त वजन खरं ठेवा. दोन किलोच्या मशीनचा दीडशे ग्रॅमचा डमी हातात दिला की सगळे "छान आहे" म्हणतात, आणि खरं मशीन आलं की मनगट वाकतं. आत वाळूची पिशवी किंवा नट-बोल्ट भरा, बॅटरी जिथं येणार तिथंच वजन जास्त ठेवा, कारण तोल कुठं जातो हे एकूण वजनाइतकंच महत्त्वाचं आहे.

बटणांसाठी पुण्यातल्या तापकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन दहा-बारा प्रकारचे टॅक्टाइल स्विच आणि मेंब्रेन कीपॅड आणा, एका फळीवर लावा, ग्लोव्हमधल्या बोटाने, ओल्या ग्लोव्हनेसुद्धा, दाबून बघायला द्या. दाबलं गेलं हे बोटाला कळलं पाहिजे. आम्ही जे कीपॅड डेटाशीट बघून निवडलं होतं ते फळीवर शेवटून दुसरं आलं.

स्क्रीनसाठी कागदच. प्रत्येक स्क्रीन वेगळ्या कागदावर काढा, डब्याला चौकोनी खिडकी पाडा, मागे तुमच्यातला एक जण बसवा. सिस्टरांनी बटण दाबलं की तो पुढचा कागद सरकवतो आणि तोंडाने बीप करतो. सॉफ्टवेअरची एक ओळ न लिहिता तुमच्या मेन्यूमध्ये माणूस कुठं हरवतो ते अर्ध्या तासात कळतं.

मापांबद्दल थोडं. इंटरनेटवर सापडणारी हातांची मापं बरीचशी अमेरिकी सैनिकांची असतात. आपल्याकडे अहमदाबादच्या एनआयडी ह्या डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह छापलाय, तो कुठल्याही डिझाइन कॉलेजच्या लायब्ररीत बघायला मिळेल. आणि सरासरी हातासाठी डिझाइन करू नका, सरासरीला केलं तर निम्म्या लोकांना हात पुरत नाही. साधा नियम आहे: जिथं पोचायचंय तिथं लहान हात धरा, म्हणजे पाच परसेंटाइलच्या बाईचा (शंभरातल्या पाचच जणींचा हात त्याहून लहान असतो), आणि जिथं बोट आत शिरायचंय तिथं मोठा हात, पंच्याण्णव परसेंटाइलच्या पुरुषाचा. वॉर्डात ग्लोव्हचे डबे बघा, साडेसहा नंबरचे किती संपतात आणि साडेसातचे किती, त्यावरून तुमच्या युजरच्या हाताचा अंदाज येतो. जोराचंही लक्षात ठेवा, चिमटीतला जोर मुठीतल्या जोराच्या साधारण चौथा-पाचवा हिस्सा असतो, त्यामुळे चिमटीत धरून ओढायचा घट्ट लॅच म्हणजे संध्याकाळपर्यंत दुखणारा अंगठा.

हातात देताना

पाच-सहा जणी पुरतात एका फेरीला. मग बदल करा, मग पुन्हा पाच-सहा. अशा छोट्या फेऱ्यांना फॉर्मेटिव्ह म्हणतात. शेवटची जी मोठी तपासणी असते, समेटिव्ह, तिच्यासाठी अमेरिकेच्या एफडीए ह्या औषध आणि उपकरण नियामक संस्थेची अपेक्षा प्रत्येक युजर गटात किमान १५ माणसांची आहे, ती खूप पुढची गोष्ट, पण तिथं पहिल्यांदा चुका सापडायला लागल्या तर समजा की आधीच्या फेऱ्या केल्याच नाहीत.

डेमो देऊ नका. डेमो दिला की तुम्ही तुमची स्वतःचीच आठवण तपासता. एवढंच सांगा, "मॅडम, ही तुमची परीक्षा नाहीये, ह्या डब्याची आहे, अडकलात तर दोष डब्याचा". मग काम द्या: "ह्या बाळाला तासाला ०.५ एमएल चालू करायचंय." आणि गप्प. ही गप्प राहण्याची गोष्ट इंजिनियरला फार जड जाते, चुकीच्या बटणाकडे बोट गेलं की आपल्या तोंडातून "नाही नाही, ते शेजारचं" निघतं आणि त्या क्षणी तुमचं सगळ्यात मौल्यवान निरीक्षण वाया जातं. मी तर मनातल्या मनात तीसपर्यंत आकडे मोजते.

मध्येच व्यत्यय आणा, कारण वॉर्डात तो असतोच. रेट अर्धा भरलेला असताना कुणीतरी येऊन विचारू दे, "सिस्टर, चार नंबरची सलाईन संपलीय". परत येऊन त्या कुठून सुरू करतात ते बघा. आमच्या कागदी स्क्रीनवर ०.५ मधला शून्य आणि टिंब भरून झालेलं, परत आल्यावर त्यांनी पहिल्यापासून भरलं आणि आकडा भलताच झाला.

आपल्याकडे लोक तोंडावर वाईट बोलत नाहीत, सिस्टर तर पाहुण्यांना मुळीच नाही, "छान आहे सर" म्हणतात. त्यामुळे मत विचारू नका. एक प्रश्न मात्र मला दरवेळी कामी आलाय: "काल लागलेल्या नव्या मुलीला हे रात्री एकटीला दिलं, तर ती कुठं अडकेल?" मग भडाभडा बाहेर येतं, कारण आता बोलणं दुसऱ्या कुणाबद्दल असतं.

"सिस्टर चुकली" हे वाक्य टीममधून काढून टाका

हे मी जीव तोडून सांगतेय. चूक माणसाच्या हातून होते पण तिची जागा बहुतेक वेळा डिझाइनने आधीच तयार करून ठेवलेली असते. स्टँडर्डसुद्धा ह्याला युज एरर म्हणतं, युजर एरर म्हणत नाही, आणि तो फरक जाणूनबुजून केलेला आहे.

इन्फ्युजन पंपांचंच बघा, म्हणजे शिरेतून ठरलेल्या वेगाने औषध देणारे पंप, आमचा सिरिंज पंप त्यातलाच. २००५ ते २००९ ह्या पाच वर्षांत एफडीएकडे त्यांच्याबद्दल सुमारे ५६,००० तक्रारी आल्या आणि ८७ वेळा पंप परत मागवले गेले, शेवटी २०१० मध्ये त्यांना पंप सुधारण्यासाठी वेगळी मोहीमच काढावी लागली. त्यात एक दोष होता की बटण एकदा दाबलं तरी मशीन ते दोनदा घ्यायचं. कल्पना करा, सिस्टरनी १० दाबलं आणि पंपाने १०० घेतलं. बाहेरून बघणारा म्हणणार, सिस्टर चुकली.

थेरॅक-२५ हे रेडिएशनचं मशीन, १९८५ ते १९८७ मध्ये त्याने सहा पेशंटना भयंकर जास्त डोस दिला, काही त्यातच गेले. मूळ दोष सॉफ्टवेअरचा होता, पण त्या मशीनच्या स्क्रीनवर अर्थ न लागणारे एरर नंबर दिवसातून कितीतरी वेळा यायचे आणि एक की दाबून पुढे जाता यायचं, त्यामुळे ऑपरेटरना ते दाबून पुढे जायची सवयच लागलेली. "मालफंक्शन ५४" वाचून कुणाला काय कळणार? तुमच्या डिव्हाइसवर "एरर ०७" असं काही येणार असेल तर आजच बदला, काय झालंय आणि आता काय करायचं ते साध्या शब्दांत लिहा.

अगदी घरातलं उदाहरण म्हणजे इन्शुलिन. आपल्याकडे बाटलीतलं इन्शुलिन अजून बऱ्याच ठिकाणी ४० युनिटचं (म्हणजे एका एमएलमध्ये ४० युनिट) मिळतं आणि पेनमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन, ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. लाल आणि नारिंगी! मोतीबिंदू झालेल्या आजोबांना ट्यूबलाइटखाली हा फरक दिसेल का? सिरिंज उलटसुलट झाली की डोस अडीच पट इकडे किंवा तिकडे. रंग हा एकटा कधीच पुरेसा नसतो, त्याच्या जोडीला आकार, स्पर्श किंवा जागा काहीतरी वेगळं लागतं.

स्पर्शाचं चांगलं उदाहरण ऑपरेशन थिएटरमध्ये बघायला मिळतं. भूल देण्याच्या मशीनवर ऑक्सिजनचा नॉब मोठा आणि खाचांचा असतो, बाकीच्यांपेक्षा वेगळा, डॉक्टरांची नजर पेशंटवर असली तरी बोटाला कळतं. हीच कल्पना दुसऱ्या महायुद्धात विमानांत वापरली गेली, बी-१७ बॉम्बरमध्ये चाकांची आणि फ्लॅपची दांडी सारखीच आणि शेजारी होती, पायलट उतरल्यावर चुकून चाकं आत घ्यायचे, मग अल्फॉन्स चापानिस ह्या मानसशास्त्रज्ञाने चाकांच्या दांडीला चाकासारखा आणि फ्लॅपच्या दांडीला पाचरीसारखा आकार द्यायला लावला.

तर शोधायचं कसं? तुमच्या तेवीस पायऱ्यांची यादी घ्या आणि प्रत्येकीला विचारा: ही गाळली तर? उलट क्रमाने केली तर? अर्धवट केली तर? शेजारचं बटण दाबलं तर? सिरिंज पंपाच्या बाबतीत आमच्या यादीत तीन गोष्टी लाल झाल्या. प्लंजरची पकड नीट लागली नाही आणि पंप पेशंटपेक्षा उंच असला तर औषध नुसत्या गुरुत्वाकर्षणाने आत जाऊ शकतं. सिरिंजचा ब्रँड चुकीचा निवडला तर बॅरलचा व्यास वेगळा असल्यामुळे रेट चुकतो. आणि टिंब न दिसल्यामुळे १.० चा १० होतो.

उपाय ठरवताना क्रम पाळा, तो रिस्क मॅनेजमेंटच्या आयएसओ १४९७१ मध्येही आहे. आधी चूक होऊच शकणार नाही असं डिझाइन, ते जमलं नाही तर अलार्म किंवा लॉकसारखी आडकाठी, आणि अगदी शेवटी सूचना आणि ट्रेनिंग. नळ्यांच्या कनेक्टरचं हेच झालं, वर्षानुवर्षं सिरिंज आणि नळ्या जोडायचा ल्युअर कनेक्टर सगळीकडे एकच, त्यामुळे पोटात द्यायचं फीड शिरेच्या लाइनला जोडलं जाऊ शकायचं, आता आयएसओ ८०३६९ मालिकेत प्रत्येक वापराला वेगळा आकार दिलाय, चुकीचा बसूच नये म्हणून. आम्ही पकड लागली नाही तर पंप सुरूच होणार नाही असा सेन्सर टाकला, १ च्या पुढचं ".०" काढून टाकलं, आणि ०.५ मधला आधीचा शून्य मात्र कायम ठेवला, टिंबानंतरचा आकडाही लहान केला. मॅन्युअलमध्ये ठळक अक्षरात लिहिणं हा आमचा आधीचा उपाय होता, आणि मॅन्युअल त्या नर्सिंग होममध्ये कपाटात कुलपात होतं.

स्क्रीन, आवाज आणि स्पिरिट

हे पटकन सांगते. अक्षराची उंची किती हवी? वाचायचं अंतर भागिले १५०, ही माझी सवय आहे. हातभर अंतरावर, म्हणजे ६० सेंटिमीटरवरून, ४ मिलिमीटर, आणि वॉर्डच्या दारातून ३ मीटरवरून वाचायचा आकडा असेल तर २० मिलिमीटर. देवनागरी थोडी अजून मोठी ठेवा, मात्रा आणि उकार लहान आकारात एकमेकांत मिसळतात.

अलार्मसाठी आयईसी ६०६०१-१-८ वाचा. सगळ्यात तातडीचा अलार्म लाल लुकलुकता, मधला पिवळा लुकलुकता, आणि आवाजांचे पॅटर्नही ठरलेले आहेत. स्वतःची सुरावट शोधू नका. आणि प्रत्येक बारीक गोष्टीला बीप देऊ नका, सतत वाजणाऱ्या मशीनचा आवाज लोक बंद करून टाकतात आणि मग खरा अलार्मही ऐकू येत नाही.

पुसण्याचा विचार पहिल्या दिवसापासून करा. आपल्याकडे स्पिरिट आणि हायपोक्लोराइट दोन्ही मुक्तहस्ताने वापरतात. पॉलिकार्बोनेट प्लास्टिकवर ताण असेल तिथं अल्कोहोलने बारीक तडे जाऊ शकतात, बटणांवरची छपाई उडते, खाचांत रक्त सुकतं. मावशींना डमी आणि ओलं फडकं द्या, त्या कुठं पुसत नाहीत, किंवा पुसू शकत नाहीत, ते बघा. ती खाच भरून टाका.

कागद तेव्हाच्या तेव्हा

आपल्याकडे मेडिकल डिव्हाइस रूल्स २०१७ लागू आहेत, ए, बी, सी, डी असे चार वर्ग, लायसन्ससाठी रिस्क अॅनालिसिस द्यावंच लागतं. हे सगळं शेवटी बसून आठवून लिहायला गेलात तर ते खोटं दिसतं, आणि असतंही. प्रत्येक फेरीनंतर त्याच संध्याकाळी एक पान लिहा, तारीख, किती जणी, अनुभव किती वर्षांचा, कुठलं काम दिलं, कुठं अडकल्या, आपण काय बदललं आणि का. डब्याचा फोटो लावा. नावं लिहू नका, "सिस्टर ३, आयसीयू, ८ वर्षं" पुरतं. शाडूचे गोळे फेकू नका, त्यांचेही फोटो मापपट्टीसकट ठेवा.

आणि मग डाय. त्याच्या आधी प्रिंट केलेल्या बॉडीत चालतं सर्किट घालून, पाण्याने भरलेली सिरिंज लावून, तो पंप आठवडाभर वॉर्डच्या स्टोअररूममध्ये ठेवा, येता-जाता सिस्टरांना लावून बघू दे. ह्या आठवड्यात नवीन काही सापडलं नाही तरच टूलरूमला फोन करा. फोनवर दोन गोष्टी सांगा. क्लॅम्प आणि कीपॅड ज्या भागात येतात तिथं वेगळा इन्सर्ट, म्हणजे डायमध्ये बसणारा सुटा तुकडा, ठेवा म्हणजे बदलायचं झालं तर पूर्ण डाय हलवायला लागणार नाही. आणि जिथं माप नक्की नाही तिथं डायचं स्टील जास्तच राहू द्या, कारण नंतर स्टील कापून काढता येतं, भरणं अवघड जातं. इन्सर्टला सुरुवातीला थोडे जास्त पैसे लागतात. आमच्या दुसऱ्या पंपाला आम्ही ते दिले, आणि क्लॅम्पचा इन्सर्ट त्यानंतर दोनदा बदलला, दोन्ही वेळा आठवड्याच्या आत पार्ट हातात होते. आता सिरिंज एका हाताने लागते.